धोंडसातला गूळ

ओव्हनमध्ये मी पहिल्यांदा भाजलं ते सफरचंद. श्रावणात दापोलीच्या बाजारात उतरणारं, हिमाचलातून आलेलं, अंगावर चकचकीत स्टिकर मिरवणारं. लेकीने पुण्याहून ओटीजी पाठवला होता आणि पाठोपाठ फोनवर कृती सांगितली होती: सफरचंदाच्या फोडी, वर ओट्स, बदामाचा चुरा, दालचिनी आणि मध. "आई, साखर नाही, मैदा नाही, तळण नाही. बाबांना बिनधास्त दे."

माजघरातल्या फळीवर, जिथे पूर्वी लोणच्याच्या बरण्या असत तिथे, तो ओव्हन विराजमान झाला. आम्ही दोघं समोर पाट टाकून काचेतून आत बघत बसलो. अर्ध्या तासात दालचिनीचा वास ओसरीपर्यंत गेला. ह्यांनी पहिला चमचा तोंडात घातला, नीट चावला आणि म्हणाले, "चांगलं आहे हो. आजारी माणसाला चांगलं आहे."

हे वाक्य माझ्या डोक्यात जाऊन बसलं.

झालं होतं असं, की आदल्या चैत्रात ह्यांच्या रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी 7.8 आली. डॉक्टरांनी गोळी दिली, चालायला सांगितलं, आणि म्हणाले, "फळ खा, पण चावून. रस नको. आणि गोडधोड आता विसरा." हा माणूस जेवण झालं की गूळखोबऱ्याचा खडा तोंडात टाकल्याशिवाय हात धुवायला उठत नाही. बासष्टाव्या वर्षी त्याला 'विसरा' म्हणणं सोपं, विसरायला लावणं माझ्याकडे.

तर सफरचंद. रात्री भांडी आवरताना मी मधाची बाटली उचलून बघितली. चार मोठे चमचे घातले होते मी. चार मोठे चमचे मध म्हणजे जवळजवळ 70 ग्रॅम साखरच की. नाव मध, रंग सोनेरी, म्हणून आपण त्याला औषधाच्या रांगेत उभं करतो. आणि 'भाजलेलं म्हणजे पथ्याचं' हे तर आणखी मोठं थोतांड. नानकटाईसुद्धा भाजलेलीच असते. लहानपणी दिवाळीला आम्ही नानकटाईचे पत्रे डोक्यावर घेऊन बेकरीच्या लाकडाच्या भट्टीवर रांग लावायचो. त्यातल्या डालडाचं भट्टीने काहीही वाकडं केलेलं मला आठवत नाही.

पुढचे सातआठ महिने मी जे हाताला लागेल ते फळ त्या काचेच्या पेटीत सरकवलं. केळ्याचं बरं झालं. पण सालीवर काळे ठिपके पडलेलं केळं इतकं गोड का लागतं, तर त्यातल्या पिठाची साखर झालेली असते म्हणून, हे कळल्यावर माझाच उत्साह ओसरला. अननसाने इतकं पाणी सोडलं की ते चमच्याने नाही, फुलपात्राने वाढावं लागलं. मार्चात बोंडू आले. काजूच्या बागेत बोंडूंचा सडा पडतो, बिया काढून घेतल्या की बोंडू तसेच कुजतात, दारू गाळणारे काही नेतात. संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त क जीवनसत्त्व असलेलं फळ असं मातीत जातं याचं मला वर्षानुवर्षं वाईट वाटत आलंय. म्हणून हौसेने मिठाच्या पाण्यात उकळून त्यांचा खवखवाट काढला, फोडी केल्या, भाजल्या. वास स्वर्गीय. चव… भिजलेली सुतळी चघळावी तशी. ह्यांनी निमूट खाल्लं आणि नंतर गड्याला विचारलं, "अरे, गुरं खातील का रे हे?"

आंब्याच्या दिवसांत मी काही भाजलं नाही. हापूस भाजायचा हा विचार मनात आणणंसुद्धा आमच्या घरात पाप आहे. मात्र थोडा रस साखर न घालता डब्यांत भरून फ्रीजरमध्ये टाकला. तो पुढे कामाला आला, पण ते नंतर.

या सगळ्या खटाटोपात एक गोष्ट माझ्या नाकासमोर होती आणि मला दिसत नव्हती. ती दिसली लेकीशी फोनवर बोलताना. ती म्हणाली, "आई, ओटीजीमध्ये वरचा रॉड आणि खालचा रॉड दोन्ही लाव, म्हणजे वरून-खालून सारखं भाजेल." आणि मला एकदम सासूबाई दिसल्या. चुलीपुढे उकिडव्या बसलेल्या, पदर नाकावर, हातात चिमटा, आणि पातेल्यावर पालथ्या घातलेल्या लोखंडी तव्यात एकेक निखारा मांडत असलेल्या.

मी त्यांचं शेवटचं धोंडस, म्हणजे फळ आणि तांदळाचा रवा एकत्र करून भाजलेलं आमच्याकडचं गोड, खाल्लं ते 2020 च्या जूनमध्ये. तीन तारखेला निसर्ग वादळ आलं. आमच्या किनाऱ्यावरच्या कुणाला तो दिवस सांगायला नको. आंजर्ले, केळशी, मुरूड, हर्णै, सगळा पट्टा झोपला. आमची अकरा कलमं मुळासकट आडवी झाली, पोफळी तर काडेपेटीतल्या काड्या सांडाव्यात तशा पडल्या होत्या. मागच्या अंगणातला बरका फणस निम्म्यात फाटला आणि तयार झालेले फणस खळ्यात येऊन फुटले. वीज कित्येक आठवडे नव्हती. गॅसची गाडी यायला रस्ते मोकळे नव्हते. सासूबाई तेव्हा चौऱ्याऐंशीच्या. सगळे डोक्याला हात लावून बसलेले असताना त्या एकट्या उठल्या, खळ्यातले बरे गरे वेचले, रोवळीत घासून रस काढला, आणि मला म्हणाल्या, "जळण तरी आता भरपूर आहे. चूल पेटव."

बरक्याचा रस, तांदळाचा भाजलेला रवा, खोबरं, किंचित मीठ. गुळाचा डबा त्यांनी उघडलासुद्धा नाही. पिकल्या बरक्याला गूळ कशाला, म्हणाल्या. खाली मंद विस्तव, वर तव्यात करवंट्यांचे निखारे. तासाभराने तवा उचलला तर वरची कड खरपूस तांबूस झाली होती आणि आत पिवळाधमक मऊ. पत्रे उडालेल्या पडवीत बसून नऊ माणसांनी ते खाल्लं. शेजारचे काका घास घेता घेता रडायला लागले, त्यांची सगळी बाग गेली होती. सासूबाईंनी त्यांच्या पानात आणखी एक तुकडा ठेवला, बोलल्या काही नाहीत.

म्हणजे आमच्या घरात फळाचं भाजलेलं गोड, आणि तेही बिनगुळाचं, आधीपासून होतं. मी ते फोनवर शोधत होते.

पण फणस जूनबरोबर संपतो. भाद्रपदात फळ म्हणजे तवसं. काकडी हे खरं तर फळच, कोशिंबिरीत घालून घालून आपण तिला भाजीत ढकललं. आणि तवसं ही काही बाजारातली नाजूक हिरवी काकडी नव्हे. मांडवावर पोसलेलं, साल पिवळी-तपकिरी होऊन तडकल्यासारखी जाळी पडलेलं, दोन-दोन किलोंचं धूड असतं ते. मधोमध चिरलं की आतला मगज बियांसकट चमच्याने खरवडून काढायचा. बिया जून झालेल्या असतात, त्या बाजूला ठेवायच्या. मग विळीवर कीस. त्या किसाला वास असतो पहिल्या पावसानंतरच्या मातीच्या जवळचा, पण हिरवा. काकडीत शंभरातले पंच्याण्णव भाग पाणीच, त्यामुळे कीस परातीत पडायच्या आत पाझरायला लागतो. नवशिकी बाई इथे पहिली चूक करते, ते पाणी पिळून टाकते. तेच पाणी रव्याला शिजायला लागतं. वेगळं पाणी घालायचं म्हणजे चव धुऊन टाकायची.

सासूबाईंचं माप असं: तीन वाट्या कीस त्याच्या पाण्यासकट, दोन वाट्या तांदळाचा रवा तुपावर भाजून, वाटीभर ओलं खोबरं, चिमूटभर मीठ, वेलची. आणि दोन वाट्या गूळ. किसाला गुळाबरोबर उकळी आणायची, रवा वैरायचा, झाकण ठेवून वाफ काढायची, मग हळदीचं पान अंथरलेल्या भांड्यात थापून भाजायचं. सोडा नाही, अंडं नाही. गोव्यात याचीच तवसळी होते.

दोन वाट्या गूळ! आमच्या वाटीने तो होतो 300 ग्रॅम. सोळा तुकडे पाडले तर तुकड्यामागे जवळजवळ चार चमचे.

इथे माझं आणि माझ्या मैत्रिणींचं भांडण आहे. 'अगं, गूळ आहे, साखर थोडीच आहे' हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता कान त्या वाक्याला दार लावून घेतात. गुळात थोडं लोह असेल, इतर क्षार असतील, चव तर शंभर पट खोल असते, सगळं मान्य. पण तो मुख्यतः साखरच आहे, आणि ह्यांच्या रक्तात गेल्यावर तो आपली जात सांगत बसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली सांगितलं, की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत हवी, जमलं तर पाच टक्क्यांच्या आत, म्हणजे मोठ्या माणसाला साधारण 25 ग्रॅम, सहा चमचे. मध, फळांचे रस, सगळं त्यात धरलेलं आहे. अख्ख्या फळातली मात्र नाही. सासूबाईंच्या धोंडसाचे दोन तुकडे खाल्ले की दिवसाचा कोटा संपून उद्याच्यातही हात गेला. 'आपलं जुनं ते सगळं पौष्टिक' असं म्हणणाऱ्यांना मी हात जोडते. ते जुने लोक सकाळपासून नांगर धरून मग दुपारी धोंडस खात होते. आम्ही गाडीने दापोलीला जाऊन भाजी आणतो.

पण एकदम बिनगुळाचं तवसाचं धोंडस होत नाही. फणसाची गोष्ट वेगळी, तवशात स्वतःची गोडी नसतेच जवळजवळ. म्हणून मी पायरी पायरीने उतरले. पहिल्या खेपेला दीड वाटी. कुणाला पत्ता लागला नाही. दुसऱ्या खेपेला एक. तरीही नाही! म्हणजे इतकी वर्षं आम्ही निम्मा गूळ नुसता सवयीने खात होतो. पाऊण वाटीवर मात्र घात झाला. ह्यांनी तुकडा उचलला तर तो भसकन दोन झाला, आणि रंग असा की दमट भिंत. गूळ नुसता गोड करत नाही, हे मला तेव्हा कळलं. तो पाणी धरून ठेवतो, त्यामुळे आतून ओलावा राहतो, आणि तापल्यावर तोच कड तांबूस करतो. तो काढला तर त्याची तिन्ही कामं दुसऱ्या कुणालातरी नेमून द्यायला हवीत.

मग नेमणुका केल्या. ओलाव्यासाठी अर्धी वाटी नारळाचं घट्ट दूध. रंगासाठी अर्धा रवा काढून नाचणी. ती आधी खमंग भाजून रवाळ दळून घेतली, अगदी पीठ केली तर गिच्च गोळा होतो. नाचणीचा रंग इतका गडद, की गूळ कमी आहे हे डोळ्यांना कळतच नाही, आणि निम्मी लढाई डोळ्यांचीच असते. गोडीसाठी फ्रीजरमधला तो बिनसाखरेचा आंब्याचा रस, अर्धी वाटी. मिठाची चिमूट थोडी मोठी. जायफळ. खोबरं घालायच्या आधी कोरडंच परतून बदामी करून घेतलं, त्याचा स्वतःचा गोडवा वर येतो. आणि या सगळ्यांवर देखरेख करायला अर्धी वाटी गूळ. तुकड्यामागे जेमतेम चमचाभर.

एकदा मी फार हुशार झाले होते, तेही सांगून टाकते. गुळाऐवजी आंब्याचं साठं बारीक चिरून घातलं. उन्हात वाळवलेला नुसता रस, म्हणजे फळच की. झकास लागलं. पण साठं म्हणजे पाणी उडालेला आंबा, साखर तिथल्या तिथेच, वर दाटून बसलेली. जिभेला फसवता येतं. बोटाला सुई टोचणाऱ्या त्या यंत्राला येत नाही.

भाजण्याचं म्हणाल तर मी एकदा चुलीवरही करून बघितलं, भावनेच्या भरात. खाली सोडणांचा विस्तव, वर तव्यात निखारे. धुराने डोळे भरले, तवा उचलताना राख धोंडसावर सांडली, डावीकडची बाजू कोळसा आणि उजवीकडची कच्ची. सासूबाईंचे डोळे म्हातारपणी सतत का पाणवत, ते मला त्या दिवशी नीट समजलं. चुलीवरची चव ओव्हनला येत नाही असं म्हणणाऱ्यांनी एकदा तासभर फुंकणी हातात धरावी. मला ओव्हन आवडतो.

फक्त एका बाबतीत चूल शहाणी होती. ओव्हनच्या कृतीत 180 अंशांवर पंचेचाळीस मिनिटं, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत तेच. माझं धोंडस वरून सुकायचं आणि मध्ये ओलं राहायचं. निखारा असा एका सुरात तापत नाही. तो सुरुवातीला रसरशीत असतो, मग त्याच्यावर राखेची साय धरते, आणि तो हळूहळू मावळत जातो. सासूबाई तर निखारे विझल्यावरही तवा काढत नसत, 'मुरू दे' म्हणत. मी ओव्हनला तेच शिकवलं. पंधरा मिनिटं 200 वर, पुढे 160 वर अर्धा तास, मग बटण बंद आणि दार न उघडता आणखी अर्धा तास. सुरी घातली, कोरडी आली. पूर्ण गार होईपर्यंत कापायचं नाही, गरम कापलं तर तांदळाचा रवा दगा देतो. आणि हो, हे सगळं दुपारी दोन वाजता. संध्याकाळी आमच्याकडे विजेचा दाब इतका उतरतो की पंखा फिरताना पाती मोजता येतात. त्या विजेवर धोंडस भाजत नाही, नुसतं कोमट होतं.

गणपतीत नणंद आली गुहागरहून. तिला मी काही न सांगता तुकडा दिला. ती चावत राहिली, माझ्याकडे बघितलं, पुन्हा चावलं.

"वहिनी, गूळ संपला होता का गं?"

"का? बरं नाही लागत?"

"लागतंय बरं. पण आईच्या हातचं नाही हे."

नाहीच आहे. मी वाद घातला नाही. तिने स्वतःच्या घरून पुऱ्या दोन वाट्या गुळाचं करून आणलेलं होतं, हळदीच्या पानात गुंडाळून. देवापुढे तेच ठेवलं. मोदकांच्या सारणातही मी हात घातलेला नाही, वर्षातून एकदा येणाऱ्याला नाचणी आणि उपदेश कशाला? पण दुपारी ह्यांनी तिच्या डब्यातले दोन तुकडे, आणि नंतर कळलं की तीन, गुपचूप खाल्ले. जेवणानंतर दोन तासांनी यंत्रावर 231. चेहरा असा केला होता की यंत्रानेच चोरी केली आहे.

आठवड्याने, पाहुणे गेल्यावर, मी माझं धोंडस केलं. तुकडा एक, आणि त्या बदल्यात जेवणातली भाकरी अर्धी, कारण तांदूळ आणि नाचणीही पोटात जाऊन शेवटी साखरेच्याच दारात उभी राहतात. दोन तासांनी 168. एका माणसाचा एका दुपारचा आकडा आहे हा, याच्यावर मी कुणाला औषध सांगणार नाही. पण त्या दिवशी जेवण झाल्यावर ह्यांनी गूळखोबऱ्याच्या डब्याकडे बघितलं नव्हतं. आणि 'आजारी माणसाला चांगलं आहे' असंही म्हणाले नाहीत. म्हणाले, "कडेचा तुकडा मला ठेवत जा. मधला कुणालाही दे."

कडेचा तुकडा हा आमच्या घरातला जुना तंटा. हळदीचं पान सोलून काढलं की त्याच्या शिरांचे ठसे खाली उमटलेले असतात, आणि जिथे भांड्याच्या कडेला नाचणी आणि खोबरं चिकटून तांबडं झालेलं असतं, तिथे दाताखाली कुरकुर वाजते. गूळ कमी केल्यावर ती कड जाईल अशी मला भीती होती. गेली नाही. पातळ झाली आहे थोडी, म्हणून भांडण वाढलं आहे.

परवा लेकीचा फोन आला. पुण्यात तिला तवसं मिळत नाही, साध्या काकडीचं केलं तर पाणचट होतं. "आई, गच्चीत वाफा आहे आमच्या. येईल का वेल?" ह्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि दहा मिनिटं तिला मांडव कसा घालायचा ते सांगत बसले. नंतर मी बाजूला ठेवलेल्या बिया त्यांनी स्वतः धुतल्या, ज्या पाण्यावर तरंगल्या त्या फेकल्या, बुडालेल्या राखेत घोळवून ओसरीवर जुन्या वर्तमानपत्रावर पसरल्या. तीन दिवस, कोंबड्या हाकलत. वाळल्यावर मोजून चाळीस पाकिटात भरल्या, आणि वर आपल्या शाळामास्तरी अक्षरात लिहिलं: तवसं, घरचं. पेरणी मृगात. पाणी बेताने.

डिंक लावून पाकीट चिकटवलं, चष्मा काढला, आणि स्वयंपाकघराकडे वळून विचारलं, "अगं, कडेचा उरलाय का एखादा?"